पल्याडच्या काठाचं उत्तर

भुसावळ,
चैत्र, उन्हाचा कडाका.

तीर्थरूप सुगंधाआत्येच्या पायांशी,

भुसावळहून ईश्वरचा साष्टांग नमस्कार. (गुडघे धरल्यापासून साष्टांग कागदावरच घालतो. तिथून उठताना कुणाचा हात लागत नाही.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि हिरवी पट्टी निघाली हे कळून आम्हा सगळ्यांना आनंद झाला. आता लांबचंसुद्धा स्वच्छ दिसतं म्हणे, म्हणजे शिंदखेड्यात कोण कुणाच्या ओट्यावर किती वेळ बसलं याची खबरबात पुन्हा नियमित सुरू झाली असेल. दम्याचं कसं आहे? कुरडया झाल्या का? डॉक्टरांनी इतक्यात वाचायचं नाही असं बजावलंय, म्हणून हे पत्र तुझी सून शीतल तुला वाचून दाखवेल. शीतल, आशीर्वाद. मोठ्याने वाच, घाई करू नकोस, आणि मी कंसात तुझं नाव घेऊन काही लिहिलं तर तेवढं फक्त मनात वाच.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. आत्या, फोन केला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. तब्येतीचं विचारलं की तू खणखणीत बोलतेस, पावसापाण्याचं विचारलं की त्याहून खणखणीत, आणि "आईबद्दल जरा बोलायचं होतं" असं म्हटलं की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं. (शीतल, कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम आहेत असं सांगितल्याचं मला ठाऊक आहे. हे वाचू नकोस.) तेव्हा पत्रच बरं. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, निदान सून वाचत असताना तरी नाही.

तर आईबद्दल. नाना गेल्यावर ती गावातच एकटी राहत होती हे तुला माहीत आहेच. संक्रांतीच्या आधी ती ओसरीवर घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण मी मुलगा असल्याचं मला एकदम आठवलं आणि मी तिला भुसावळला घेऊन आलो. सामान आलं, भांडी आली, तिची तुळससुद्धा आली. बोलणं तेवढं गावाकडे राहिलं. आपली बेबाबाई, जिचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाची म्हैस मान वर करायची, ती इथे आल्यापासून एक शब्द बोलेना. जेवते, झोपते, आपल्या सुनेच्या, लताच्या, पोळीकडे बघून भुवई उडवते (लता म्हणते, ही भुवई बोलण्यापेक्षा जास्त लागते), पण बोलत नाही. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं की सगळं जागच्या जागी आहे, मनात काही असेल तर ते फोटोत येत नाही. मी इतका घाबरलो होतो की बाहेर येऊन रिक्षावाल्याला उगाचच दोनदा घराचा पत्ता सांगितला. आई गप्प राहूनच जाणार की काय, ही भीती मला रोज सकाळी चहाबरोबर यायची. अजून येते.

आमच्या शेजारी पुनम नावाची मुलगी राहते, जळगावला मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं, काका, आजींना जुनी गाणी ऐकवा, गाण्याबरोबर आठवणी येतात, आठवणींबरोबर बोलणं येतं. मी आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस. एखादी पेटी आली की तिच्यात काय आहे हे चिठ्ठी न वाचता ओळखायचा मला नाद होता, आणि तो निवृत्तीनंतरही गेला नाही. गाण्याच्या पेटीत काय असतं, याचं मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. पुनमने मोबाइलमध्ये ढीगभर जुनी गाणी भरून दिली आणि आईच्या आधी मी ती स्वतःवर लावून पाहिली. (औषध आधी घरच्याने घेऊन बघावं, हा नानांचा नियम. गुरांच्या औषधालासुद्धा ते तो लावायचे.)

आत्या, हा प्रकार फार विचित्र आहे. एक अतिशय नाजूक प्रेमाचं गाणं लागलं, चांदणं आणि नौका वगैरे असलेलं. मला वाटलं, आता लग्नाचे दिवस आठवतील. तर माझी दाढ ठणकायला लागली! पंचवीस वर्षांपूर्वी उपटून टाकलेली दाढ. मग लक्षात आलं, दाढ काढली तेव्हा त्या डॉक्टरच्या रेडिओवर हेच गाणं चालू होतं. दुसरं एक भक्तिगीत लावलं तर नाकात पिकलेल्या केळ्यांचा वास शिरला, कारण सावद्याहून आलेल्या करंड्या प्लॅटफॉर्मवर उन्हात सडत होत्या आणि कॅन्टीनमध्ये ते वाजत होतं. मी बसल्या बसल्या विचार करतो, गाणं आठवण निवडतं तरी कसं? लग्नाच्या बँडची एकही चाल माझ्याकडे नाही, आणि दाढ मात्र सुरासकट जपून ठेवलेली. पार्सल चुकीच्या गावाला गेलं की आम्ही शोध घ्यायचो. इथे तक्रार कुणाकडे करायची?

मी उत्साहाच्या भरात हा प्रयोग लतावरही केला, ती माझी चूक झाली. एक जुनं भावगीत लागल्यावर ती पीठ मळता मळता थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही मऊ आलं, जे मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. काय आठवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही. शास्त्रासाठी हवंय म्हटल्यावर सांगितलं, की माझ्याआधी धुळ्याचा एक मुलगा तिला बघायला आला होता, त्याने हे गाणं म्हटलं होतं, छान म्हटलं होतं, पण पत्रिका जुळली नाही. दोन दिवस आमच्याकडे वरण पातळ होतं. समोरच्या घरांच्या रांगेतले रतनलालजी, कापडाचे व्यापारी, त्यांना बँडची एक धून ऐकवली तर डोळे पुसत त्यांनी आपल्या पहिल्या स्कूटरची कहाणी सांगितली. मुलाच्या वरातीत ती चोरीला गेली होती. सुनेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. कॉलनीत माझं नाव झालं. लोक संध्याकाळी येऊन "आमच्यावर एखादं लावून बघा" म्हणू लागले. ज्यांनी बोलायचं नाही ते सगळे बोलत होते, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं ती खिडकीशी बसून सगळ्यांकडे बघत शेंगा सोलत होती.

आईला मी काय काय ऐकवलं ते सांगितलं तर शीतलचा घसा बसेल. कानबाईची गाणी लावली, तिने मोबाइलला हात जोडले आणि परत शेंगा. जात्यावरची गाणी लावली, तिने माझ्या मिक्सरकडे बोट केलं. बाजारातल्या ऑर्केस्ट्रात अहिराणी गाणी म्हणणाऱ्या एकाला घरी बोलावलं. त्याने कीबोर्डसकट पूर्ण तयारीनिशी म्हटलं. आईने त्याला पाणी दिलं, वर पेढा दिला आणि दार दाखवलं. न बोलता माणसाला इतकं स्वच्छ घालवता येतं हे मला नव्यानेच कळलं.

मग भरिताचा दिवस उजाडला. थंडी सरत आली होती, शेवटची वांगी म्हणून मी अंगणात काटक्या पेटवून वांगी भाजत होतो आणि आई शेजारी बडगीत मिरच्या कुटत होती. धूर डोळ्यात गेला, आणि काहीही न ठरवता माझ्या तोंडातून निघालं:

"तुमना गावनी विहीर कोरडी वं,
तुमना नवरदेवनी मिशी थोडी वं!"

आत्या, हे कुणाचं आहे हे तुला सांगायला नको. आखाजीच्या बाराला आपल्या काठावर पुढच्या रांगेत उभी राहून, पदर कमरेला खोचून, तू हे म्हणायचीस. (शीतल, तू बार पाहिला नसशील: आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नदीच्या दोन काठांवरून दोन गावच्या लेकींनी एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या, ढेकळं मारायची.) मी लहानपणी ऐकलेलं, मला वाटलंही नव्हतं की ते माझ्याकडे आहे. बडगीतला ठोका थांबला. मी वर पाहिलं तर एक वांग्याचं देठ येऊन माझ्या चष्म्यावर आदळलं आणि पाठोपाठ संक्रांतीपासून बंद असलेला तो आवाज आला:

"आमनी विहीर काठलोंग भरी वं,
तुमना गावमा मांजर कारभारी वं!"

समोरच्या रांगेत रतनलालजींच्या हातातला पेपर पडला. लता पोळी तव्यावर सोडून बाहेर आली, ती जळली, आणि तिच्याकडे पहिल्यांदाच कुणी भुवई उडवली नाही. मी तर रडायलाच लागलो. (धुराने नाही. शीतल, हे खुशाल वाच.) पण आई माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती. मी आनंदाने तेच कडवं पुन्हा म्हटलं. तिने मान झटकली. मी तिसऱ्यांदा तेच म्हटलं. तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मुलाला उद्देशून ती बोलली, आणि काय बोलली, तर: "पुढलं म्हन ना! मुका व्हयना का?"

मुका झालो म्हणे मी! पण मला पुढलं येत नव्हतं. ती परत मिरच्यांकडे वळली आणि परत गप्प झाली. म्हणजे कुलूप कुठलं ते कळलं होतं, किल्लीचा एक दात माझ्याकडे होता, बाकीचे दात तुझ्या तोंडात. (शीतल, आत्याच्या कवळीवर हा शेरा नाही, सांभाळून वाच.)

मी कडवी गोळा करायला निघालो. गावी गेलो, धनाला गाठलं. तोच आपला धना, जो बाराच्या दिवशी नदीकडे सगळ्यांत आधी धावायचा. त्याला विचारलं तर तो डोकं खाजवून म्हणाला, "भाऊ, आम्ही मांगे उभा ऱ्हावूत आन हासूत. शबद कोन ध्यानमा ठेवस?" गावातल्या बायकांना विचारलं तर त्यांना चाली येतात, शब्द नाहीत, कारण ती कडवी जागच्या जागी जुळवलेली असायची. त्या काठावरून ज्या नावाने उद्धार होईल त्याच नावाने परत करायचा, असा तो खेळ. जो शब्द आला तो गेला. पण धनाने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. बार बंद पडला तरी दर आखाजीला आई नदी ओलांडून तिच्या माहेरच्या काठावर जाऊन बसायची. एकटीच, ऊन उतरेपर्यंत, तोंड आपल्या गावाकडे करून. मग उठून घरी यायची आणि स्वयंपाकाला लागायची. मला वाटलं, माहेरची आठवण येत असेल.

परतीच्या बसमध्ये मला लहानपणीचा बार इतका लख्ख दिसला की मी कंडक्टरला तिकिटाऐवजी चष्म्याचं घर दिलं. मधे नदीचं कोरडं पात्र, तापलेली वाळू, वाळूच्या मधोमध करंगळीएवढी धार. त्या काठावर आईच्या माहेरच्या लेकी, या काठावर आपल्या. आई त्यांच्यात, तू आमच्यात. तुझं सासर शिंदखेड्याचं, तिचं सासर तर आपलंच घर, पण त्या दिवशी दोघी माहेरवाशिणी, दोघी पुढच्या रांगेत. मी नानांच्या खांद्यावर. आत्या माझ्या बापाच्या मिशीवर येते आणि आई आपल्या गावाचा कारभार मांजराला देते, तेव्हा मी कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हे मला कधीच कळलं नाही, म्हणून दोन्हींना वाजवायचो. ढेकळं उडायची, एखादीला खोक पडायची. आणि दिवे लागायच्या सुमाराला तुम्ही दोघी आपल्याच चुलीपुढे बसून एका ताटात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायचात! मी एकदा ताटाशी उभा राहून आईला विचारलं होतं, आत्या तुला काय काय म्हणाली, तुला राग नाही आला? तर दोघींनी मिळून मला धपाटा घातला होता. नदीत म्हटलेलं घरात काढायचं नाही. शिवी नाही, उत्तर नाही, रुसवा नाही. एवढा एकच नियम होता आणि तो दोन्ही गावं पाळायची.

पण मला तर कडवी हवी होती. मग माझ्या डोक्यात जे आलं त्याबद्दल कॉलनीची सोसायटी अजून मला माफ करायला तयार नाही. आमच्या दोन रांगांच्या मधून एक नाला जातो. मी म्हटलं, नदी नाही तर नाला, आपण छोटासा बार करू, म्हातारीला समोरासमोर गाणी ऐकू येतील, कदाचित बोलेल. बायकांना कल्पना भारी आवडली. संध्याकाळी लता आमच्या काठाची पुढारी झाली. ती यावलकडची, तिच्याकडे झोक्याची गाणी, त्यात शिव्या कमी आणि सासर जास्त. समोरून रतनलालजींच्या चंदनबाईंनी लग्नात व्याह्यांना द्यायच्या मारवाडी गाळ्या गायल्या. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण त्या इतक्या गोड गळ्याने म्हणत होत्या की आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत ठीक होतं. मग समोरच्या रांगेच्या कुंदाबाई पुढे आल्या आणि त्यांनी जागच्या जागी जुळवलं, "त्या रांगेची मोटर मोठी, आमचं पाणी ओढते खोटी." आमच्या रांगेला हे लागलं, कारण ते खरं होतं. लताने उत्तरात त्यांच्या कचऱ्याच्या पिशव्यांचा विषय काढला. पुढे चाल सुटली, यमक सुटलं, नुसतं भांडण राहिलं. कुणीतरी नाल्यात पडलेली चप्पल फेकली, ती सोसायटीच्या बोर्डाला लागली. आई ओट्यावर खुर्ची टाकून हे सगळं बघत होती. तिचा चेहरा मात्र फुलला होता, पाय वाजत होता, आणि तरी ती बोलली नाही. या सगळ्या बायका तिच्या दर्जाच्या नव्हत्या, एवढंच.

सगळे रागारागाने आपापल्या घरी गेले. दारं आपटली. ओट्यावर मी आणि आई. तिचा पाय थांबला होता. मला फार वाईट वाटलं, वाटलं हिला निदान एक तरी धड कडवं द्यावं, आणि मी डोकं खणायला लागलो. आत्या, तेव्हाची गोष्ट ऐक, कारण इथेच मला गाण्याचं काहीतरी कळलं. इतके दिवस जे येत नव्हतं ते एकदम आलं, पुरतं आलं, चालीसकट आलं. आणि अर्धं तोंडातून बाहेर पडल्यावर ते कुठलं हे माझ्या लक्षात आलं:

"आखाजी उनी, गाडी उनी नही वं,
तुमले लेवाले भाऊ उना नही वं!"

न्यायला भाऊ आला नाही, हे मी आईच्याच तोंडावर म्हटलं होतं! मी जीभ चावली. पण म्हणून झालं होतं. लता दारातून अशी बघत होती की तिला धुळ्याचा मुलगाच बरा होता, हे मला पटायला लागलं.

तो तुझा शेवटचा बार तूही विसरली नसशील. तोताराममामा त्याच हिवाळ्यात गेला होता. नदी ओलांडली की माहेर, पायी चाललं तर चहा निवायच्या आत पोचणार, पण दर आखाजीला मामा बैलगाडी जुंपून, झूल घालून, मुऱ्हाळी म्हणून आईला न्यायला यायचा आणि आई गाडीत मिरवत तेवढंच अंतर जायची. त्या वर्षी ती पायीच गेली. आणि बार रंगात आला असताना हे कडवं तुझ्या तोंडून निघून गेलं. तुला ठाऊक नव्हतं असं नाही, मामाच्या दहाव्याला तू आली होतीस. पण चालीच्या नादात शब्द पुढे गेला आणि तू मागे राहिलीस, हे मी आपल्या काठावर तुझ्या बाजूलाच उभा राहून पाहिलं आहे. तू पदर तोंडात घातलास. समोर आई वाळूत खाली बसली. उत्तर आलं नाही. तू तशीच घरी पळालीस आणि पहिल्या गाडीने शिंदखेडा गाठलंस. मला ते एकच कडवं का राहिलं असेल याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, बाकीच्या कडव्यांना उत्तरं मिळाली, ती संपली. हे तसंच राहिलं.

त्यानंतर तू आखाजीला माहेरी आली नाहीस. पुढची रांगच नाही म्हणून बार दोन-तीन वर्षं रडतखडत चालला आणि बंद पडला. नाना गेले तेव्हा तू आलीस आणि दुसऱ्या खोलीत बसलीस, आई या खोलीत. सगळी भावकी म्हणते, बेबाबाईने मनात राग धरला. मीही तेच म्हणत होतो. तूही तेच समजून आहेस, म्हणून तर तुला फोनवर ऐकू येत नाही.

आत्या, तो राग नव्हता. त्या संध्याकाळी ओट्यावर माझं ते कडवं संपल्यावर आई नाल्याकडे तोंड करून सरसावून बसली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि बसल्या बसल्या, अगदी हळू, पण चालीत, त्या कडव्याला उत्तर दिलं. मी विचारलं, आई, हे आत्ता सुचलं? तिने मान हलवली. तिथेच, वाळूत बसली असतानाच तिला ते सुचलं होतं. डोळे पुसून ती उठेपर्यंत समोरचा काठ रिकामा झाला होता. मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, आत्या घरात आली होती, शेजारच्या खोलीत होती! तर ती माझ्याकडे, मी अजून नानांच्या खांद्यावरच आहे अशा नजरेने बघून म्हणाली, "नदीनं घरमा नही आनतस."

म्हणजे नियम पाळत होत्या दोघी. तू घरात माफी मागू शकत नव्हतीस आणि ती घरात उत्तर देऊ शकत नव्हती. ती दर आखाजीला काठावर जाऊन बसत होती, तू काही समोर येत नव्हतीस, आणि संक्रांतीला मी तिला मोठ्या मायेने त्या काठापासून उचलून इथे भुसावळला आणून ठेवलं. मग ती बोलेल कशाला? मी तिला म्हटलं, परत म्हण, मी मोबाइलमध्ये घेतो आणि आत्याला पाठवतो. मी परत ते कडवं म्हणायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "हाई तू नको म्हनू. जिनं शे तिले म्हनू दे." त्यानंतर आजपर्यंत पुन्हा शब्द नाही.

असो. पत्र फार लांबलं. तुझी तब्येत जप, उन्हात फिरू नकोस, डोळ्यात थेंब वेळेवर घाल. लता नमस्कार सांगते. शीतलला, मुलांना आशीर्वाद. बाकी सर्व क्षेम आहे, म्हणजे भुवई चालू आहे.

तुझा भाचा, दोन्हींकडून टाळ्या वाजवणारा,
ईश्वर

ता. क. खरं म्हणजे मी हे पत्र तुझं लिंबाचं लोणचं मागायला लिहायला घेतलं होतं. सोसायटीने आमच्या मोटरीवर वेळ बांधून दिली आहे आणि घरातलं वातावरण जरा तिखट-आंबट आहे, तेव्हा एक बरणी पाठवलीस तर बरं होईल.

ता. ता. क. लोणचं राहू दे. तूच ये. आखाजीला आईला माहेरी न्यायला मुऱ्हाळी लागतो, तो तू हो. आईला मी आदल्या दिवशी गावी आणून ठेवतो. धनाने बैलगाडी जुंपायचं कबूल केलं आहे, झूलही शोधली आहे. तू आपल्या दारात गाडी आणायची, तिला बसवायचं आणि नदीपलीकडे नेऊन उतरवायचं. वाटेत बोलायचं नाही, माफी मागायची नाही, ते नियमात बसत नाही. तिला त्या काठावर सोडून तू या काठावर परत यायचं आणि ते कडवं म्हणायचं. होय, तेच. ते तुझ्याशिवाय कुणी म्हटलेलं तिला चालत नाही. ढेकळं मारायची असली तर हलकी मार, दोघींनाही आता गोळ्या चालू आहेत.

ता. ता. ता. क. हे वरचं लिहीत असताना आई मागे येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, काही निरोप लिहू का आत्याला? ती म्हणाली, "सुगंधाले सांग, सांजोऱ्या गोड कर. मांगला टाइमले फिक्क्या व्हत्यात." तुझ्या सांजोऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ती बोलली, म्हणून जसंच्या तसं कळवतो.

आणि शेवटचं. शीतल, तिचं उत्तर खाली लिहितो आहे. हे नदीचं आहे, घरात मोठ्याने म्हणायचं नाही, म्हणून तू वाचू नकोस. आत्याला आता लांबचं दिसतं ना, मग थोडं जवळचंही दिसेल, मी अक्षरं मोठी काढली आहेत. कागद तिच्या हातात दे आणि तू आत जा.

"भाऊ गया देवघर, गाडी उभी शे वं,
लेवाले मनी नणद येस, मना भाऊ तीच शे वं!"